दोन मुळांमधली जागा

सकाळी साडेदहाला तारवालीचा फोन आला तेव्हा मी एका अनोळखी माणसाच्या वरच्या जबड्यात होतो. म्हणजे पडद्यावर. माझं सगळं आयुष्य असं लोकांच्या तोंडात गेलं आणि तरी त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा मला धड सांगता येणार नाही. तारवाली हे अर्थातच तिचं नाव नव्हे. वेडेवाकडे दात तारा बांधून सरळ करायचा तिचा व्यवसाय, आणि शिकत होती तेव्हा ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, तेव्हापासून हे नाव मीच ठेवलंय. तिला ते आवडतं असं मी गृहीत धरलेलं आहे. "सर, त्या उजव्या स्क्रूने घात केला," ती म्हणाली. "त्या पेशंट पोरीला चावताना कळ येत होती. स्क्रू हलायलाही लागला होता. काल काढून टाकला." मी म्हटलं, अगं शंभरात दहा-पंधरा सुटतातच, त्यात काय एवढं. "सुटणं वेगळं, सर. हा मुळाला लागला होता." मग ती म्हणाली, "तुमच्या आकड्यात चूक नसणार. म्हणजे माझाच हात तिरका गेला. रात्रभर तेच डोक्यात होतं. आज पाचला डाव्या बाजूचा बसवायचाय, तुमच्याच रिपोर्टवरून. आता हात थरथरला नाही म्हणजे मिळवली." मी हसलो. धीर देणारं, वडीलधारं हसलो. "कोपर अंगाशी ठेव," म्हणालो, आणि फोन ठेवला.

हे स्क्रू म्हणजे दीड मिलिमीटर जाडीचे, तांदळाच्या दाण्याहून जरासे लांब. पुढचे दात मागे ओढायचे तर ओढणाऱ्याला कुठेतरी पाय रोवून उभं राहावं लागतं. मागच्या दाढेला बांधून ओढावं तर दाढच पुढे सरकते. म्हणून हिरडीतून थेट हाडात हा स्क्रू बसवायचा आणि त्याला खुंटीसारखं धरून ओढायचं. बसवायचा कुठे, तर दोन दातांच्या मुळांमधे. तिथे साडेतीन मिलिमीटर तरी जागा हवी, म्हणजे स्क्रूच्या दोन्ही अंगांना एकेक मिलिमीटर हाड राहतं. एवढी जागा कुठे आहे, हाडाच्या काठापासून किती उंचीवर आहे, ते स्कॅनमधे शोधून कागदावर लिहून द्यायचं, हे माझं काम. तीस वर्षं मी माणसांच्या हाडांत मोकळी जागा शोधतोय. आमच्या स्कॅन केंद्रातली मंडळी मला माझ्या माघारी 'मिलिमीटर' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. तारवाली माझ्याकडे कधी चित्रं मागत नाही. तिला माझा आकड्यांचा कागद पुरतो.

तर त्या मुलीचा स्कॅन मी उघडला तो खरं म्हणजे तारवालीची चूक शोधायला. कुठल्या कोनात तिचा हात गेला असेल हे बघून संध्याकाळी चार समजुतीचे शब्द सांगावेत, असा माझा उदार विचार होता. पडद्यावर जबड्याचे एकेक काप उमटले आणि मला नेहमीसारखंच बरं वाटलं. काय स्वच्छ चित्र होतं ते. प्रत्येक मूळ कडेपर्यंत रेखीव, हाडातल्या बारीक जाळीचा धागा न् धागा दिसतोय, कुठे पांढरी तिरीप नाही, सावली नाही. हल्ली असं चित्र मिळत नाही. ज्याच्या त्याच्या तोंडात धातू असतो आणि धातू आला की किरणं विस्कटतात, मग सगळ्या चित्रावर पांढरे फराटे. इथे फराटा नावाला नव्हता. दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्यामधे, काठापासून पाच मिलिमीटरवर, मी पुन्हा मोजलं. तीन पूर्णांक सात. कागदावरही तीन पूर्णांक सातच होते. मी खुर्चीत मागे टेकलो. आकडा बरोबर होता. मनात म्हटलं, बिचारी तारवाली, हातच गेला तिचा. आणि मग, मागे टेकलेलो असतानाच, माझ्या मनात आलं की हिच्या दातांवर तारा आहेत. दातादातावर धातूचा तुकडा चिकटवलेला आहे. मग फराटे का नाहीत?

तारीख बघायची गरज नव्हती, पण मी बघितली. स्कॅन सहा महिन्यांपूर्वीचा होता, तारा बांधायच्या आधीचा. म्हणून स्वच्छ. सहा महिने ती तार त्या दातांना आणि त्यांच्या मुळांना रोज केसभर हलवत होती, त्यासाठीच ती बांधली होती, आणि मी सहा महिन्यांपूर्वीच्या जबड्यात जागा शोधून दिली होती. जी जागा मी दाखवली तिथे आता दुसरंच कोणी येऊन बसलं होतं. हे विद्यार्थ्यालाही कळतं. मीच वर्गात शिकवायचो, हलणाऱ्या दाताचं जुनं चित्र म्हणजे गेलेल्या गाडीचं वेळापत्रक. मुलं हसायची.

आमच्याकडे स्कॅन काढणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळे 'हलू-नका' म्हणतात, कारण दिवसभर त्या तेवढंच बोलतात. मी त्यांना बोलावलं आणि अगदी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, ही मुलगी महिन्याभरापूर्वी, मी रिपोर्ट लिहिला तेव्हा, येऊन गेली का हो? "आली होती ना," त्या म्हणाल्या. "कानातले काढून, शिशाचा कोट घालून बसवली होती मी. तुम्हीच निरोप धाडलात, जुना आहे तो छान आहे, उगाच किरणं नकोत, घरी पाठवा. मी विचारलं पण होतं सर, की तार बांधलीय हिला. तुम्ही म्हणालात, मी बघतो." मी म्हटलं, असं का, बरं. "रिपोर्टवर तारीख तर त्या दिवशीचीच पडली असेल," बाई दारातून वळून म्हणाल्या, "ती आपोआप पडते. स्कॅनची तारीख हाताने घालावी लागते." एवढं बोलून त्या बाहेर गेल्या आणि पलीकडून त्यांचा आवाज आला, "हलू नका. अजिबात हलू नका."

मला तो दिवस हळूहळू आठवत गेला, आणि जेवढा आठवला तेवढा तो माझ्या बाजूचा नव्हता. घाई नव्हती. कामाचा ढीग नव्हता. जुनं चित्र उघडलं आणि मी त्याच्या प्रेमात पडलो, एवढंच घडलं. एवढं सुंदर चित्र हाताशी असताना फराट्यांनी भरलेलं नवं चित्र कशाला काढायचं? वरून पुण्यही पदरात पडत होतं, एका तरुण मुलीला किरणं वाचवल्याचं. तारवालीला फोन करून सांगीन म्हटलं आणि राहिलं. मुलीने तिकडे जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. 'जाऊन आले' म्हणाली असेल, आणि ते खोटंही नव्हतं.

किरणांच्या बाबतीत मी कंजूष आहे. हा माझा गुण म्हणून ओळखला जातो आणि त्यामागची गोष्ट मी विद्यार्थ्यांना हमखास सांगायचो. माझे वडील एका लहानशा रुग्णालयात एक्स-रे काढायचे. त्या काळात दाताची फिल्म तोंडात धरायला कुणीतरी लागायचं, आणि लहान मुलं स्वतः धरायची नाहीत, म्हणून वडील आपलं बोट त्यांच्या तोंडात घालून फिल्म दाबून धरत. दिवसाला दहा-पंधरा मुलं. मी सातवीत असताना त्यांच्या उजव्या तर्जनीचं नख काळं पडून उभं चिरलं. मग कातडी कोरडी होऊन फुटायला लागली. मग एक जखम झाली ती वर्षभर भरली नाही, आणि शेवटी बोटाचं पेर काढलं. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. ते मात्र म्हणायचे, मुलं रडतात रे, आपण बोट धरलं की गप्प होतात. ही गोष्ट सांगितली की वर्ग शांत व्हायचा. एकदा तारवालीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं होतं. आज सकाळी पडद्यासमोर बसून मला पहिल्यांदाच शंका आली की मी त्या बोटाचा आजवर बराच वापर करून घेतलाय. वडिलांनी स्वतःचं बोट दिलं होतं. मी त्यांच्या नावावर दुसऱ्याच्या पोरीचं मूळ दिलं. मला माझी मनापासून चीड आली, आणि ती फार वेळ टिकली नाही, हेही सांगून टाकतो, कारण लगेच मी सुटायच्या वाटा शोधायला लागलो.

साडेअकरा वाजले होते. पाचला डावा स्क्रू, माझ्याच कागदावरून. फोन उचलायचा आणि सांगायचं, अगं थांब, तुझा हात नव्हे, माझी चूक. दहा शब्दही नाहीत. मी दोनदा तिचा नंबर काढला आणि दोन्ही वेळा काहीतरी मधे आलं. एकदा चहा आला. दुसऱ्यांदा काही आलं नाही, मीच उठून खिडकीशी गेलो. खाली रस्त्यावर एक माणूस दुकानाची पाटी पुसत होता. अक्षरं पुसून झाल्यावर तो मागे सरून बघायचा आणि पुन्हा तेच अक्षर पुसायला लागायचा. मी त्याच्यावर वैतागलो. आत येऊन दुसऱ्या पेशंटचा स्कॅन बघायला घेतला, तर मापाची रेघ सरळ पडेना. मुळाच्या कडेवर टिंब ठेवावं तर ते हाडात जायचं. ज्याचा धंदा लोकांच्या जबड्यांचा, त्याचीच दातखीळ बसावी, ही गंमत माझ्या लक्षात आली. हसू मात्र आलं नाही.

दुपारी घरी जेवायला गेलो. बायको शाळेतून लवकर आली होती. आम्ही एका वर्गातले, त्यामुळे आमचं सगळं एकेरीवर चालतं. "चावत का नाहीयेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, एक तांत्रिक अडचण झालीय. आणि सांगितलं. म्हणजे सांगितलं असं मला वाटलं. यंत्रात तारीख आपोआप पडते, त्यामुळे जरा गोंधळ झाला, कागदावर कुठला स्कॅन ते स्पष्ट राहिलं नाही, आता खबरदारी म्हणून नवीन काढून घ्यावा म्हणतोय. तिने सगळं ऐकून घेतलं. तीस-बत्तीस वर्षं शाळेतल्या मुलांच्या सबबी ऐकलेली बाई ती. "गोंधळ झाला म्हणजे कुणी केला?" ती म्हणाली. मी म्हटलं, तेच तर सांगतोय. "नाही, तू तारखेचं सांगतोयस. ती पोर काय म्हणते, तुझी विद्यार्थिनी?" "ती म्हणते तिचाच हात गेला." "आणि तू काय म्हणालास?" मी पाणी प्यायलो. "कोपर अंगाशी ठेव म्हणालो." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ती ताटं उचलायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. भांड्यांच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "पाचला आहे ना? मग इथे काय करतोयस."

केंद्रावर परत जाताना मी मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. आणि मग मला ती वाट सापडली, जी सापडल्याबद्दल मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं. दोन वाजता मी तारवालीला फोन केला. "हे बघ, पाचचं थांबव. उजव्या मुळाला कितपत लागलंय ते बघायलाच हवं. मुलीला चारला माझ्याकडे पाठव, मी नवीन स्कॅन काढतो, मग डावीकडचंही पुन्हा मोजू." सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. पोरीचा दुसरा दात वाचला, चूक सुधारली, आणि सांगायचं काही उरलंच नाही. "म्हणजे सर, तुम्हालाही वाटतंय की माझ्याकडून जोरात लागलंय." मी म्हटलं, तसं नाही गं. "नाही, बरोबर आहे तुमचं. मी काल तिच्या आईला तसं सांगितलंच आहे. माझ्याकडून चूक झाली म्हणाले. त्या फार बोलल्या. बोलणारच, पोटची पोर आहे. पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे नेणार म्हणतात." मग म्हणाली, "सर, खरं सांगू? हे स्क्रूचं काम मी सोडून द्यावं म्हणते. आपल्या हाताला जमत नाही ते नाही करू." आणि इथे, अगदी इथे, मला बोलता आलं असतं. तिने जागा करून दिली होती. मी म्हणालो, "आधी स्कॅन बघू, मग ठरव."

चार वाजता दोघीही आल्या. तारवाली दवाखाना बंद ठेवून स्वतः सोबत आली होती. मी सहसा माझ्या खोलीतून बाहेर येत नाही, माणसांना आतूनच बघायची मला सवय. पण आज आलो. मुलगी वीसेक वर्षांची, उंच, बोलताना वरचा ओठ तारांवर ताणून धरणारी. उजव्या गालाला तिने हात लावला होता. मला बघून ती उठून उभी राहिली. "तुम्हीच ना ते सर? मागच्या वेळी उगाच किरणं नकोत म्हणून मला परत पाठवणारे? बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, असे डॉक्टर आता राहिले नाहीत." तारवालीने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "परत पाठवणारे म्हणजे?" ती म्हणाली, पण तेवढ्यात हलू-नका बाई बाहेर आल्या, मुलीचे कानातले काढून घेतले आणि तिला आत नेलं. मीही काचेमागे गेलो. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती फिरायला लागला. "हलू नका," बाई म्हणाल्या. मुलगी खरोखर हलली नाही. मी मात्र या पायावरून त्या पायावर होत होतो.

चित्र आलं. फराटेच फराटे, पांढऱ्या तिरिपा दातांच्या टोकांवरून आडव्या पसरलेल्या, बघवत नव्हतं. पण मुळांच्या उंचीवर पुरेसं दिसत होतं. उजवीकडे उपदाढेचं मूळ दाढेकडे कललं होतं. सहा महिन्यांपूर्वीचे तीन पूर्णांक सात आता दोन पूर्णांक तीन झाले होते. स्क्रूच्या भोकाची कड मुळाला टेकली होती, वरवरचा ओरखडा, भरून येईल असा. डावीकडे दोन पूर्णांक नऊ. पाचला तिथे दुसरा स्क्रू शिरणार होता. मी दोन्ही आकडे कागदावर लिहिले, सवयीने. तारवाली माझ्या खुर्चीमागे उभी होती. मुलगी दारात, कानातले हातात घेऊन.

"तुझा हात नीट होता," मी म्हणालो. पडद्याकडे बघतच म्हणालो. "तू मी सांगितलं तिथेच, सांगितलं तसंच बसवलंस. जागा तिथे नव्हती. मी सहा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनवरून मोजलं होतं. नवीन काढलाच नाही. जुनं चित्र सुंदर होतं म्हणून." मला वाटलं होतं, हे बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. दारातून मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडमचं चुकलं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही. माझं चुकलं. तुझ्या आईला मी स्वतः फोन करून सांगतो." मुलीने गालावरचा हात काढला आणि ती तारवालीकडे बघायला लागली.

तारवालीने विचारलं, "सकाळी मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. फोन ठेवल्यावर कळलं."

"आणि दोन वाजता?"

यंत्राचा पंखा चालू होता. खोटं बोलायला अजूनही जागा होती, आणि ती मला दिसलीही. मी म्हणालो, "दोन वाजता माहीत होतं."

ती मान हलवत राहिली, हिशेब जुळल्यासारखी. रागावली नाही. मला ती रागवायला हवी होती. "सर," ती म्हणाली, "उठा जरा."

मी उठलो. तीस वर्षांत त्या खुर्चीवरून मला कुणी उठवलं नव्हतं. ती बसली, खुर्ची पुढे ओढली, आणि हाडाच्या काठापासून पाच मिलिमीटर मोजून तिने डावीकडचा काप काढला. एका मुळाच्या कडेवर टिंब ठेवलं, मग दुसऱ्या. दोन पूर्णांक नऊ. मग उजवीकडे. दोन पूर्णांक तीन. माझा कागद तिच्या कोपराशीच पडला होता, त्यावर हेच आकडे होते, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पर्समधून आपली वही काढून तिने दोन्ही आकडे लिहिले, तारीख घातली आणि पुढच्या जागा मोजायला घेतल्या. एकेक करत, वरच्या जबड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मागे उभा होतो. हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

मुलगी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "आहे का मॅडम कुठे जागा?" तिने विचारलं. "नक्की?"

"आहे," तारवाली म्हणाली. "आता मी बघितलंय."